फळ्यावर न मावलेले वर्ष

ऐरोली, नवी मुंबई
31 डिसेंबर 2023

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

सोसायटीच्या फाटकाजवळच्या फळ्यासाठी तू पाठवलेली सरत्या वर्षातील दहा शोधांची यादी मिळाली. फळा सकाळीच पुसून ठेवला आहे. कालपर्यंत त्यावर पाण्याची टाकी धुण्याची सूचना होती. गेली नऊ वर्षे 31 डिसेंबरच्या संध्याकाळी मी तेथे वर्षभरातील विज्ञानवार्ता लिहितो आणि दुसऱ्या दिवशी दूध आणायला निघालेली मंडळी ती उभ्या उभ्या वाचतात, एवढाच त्या उपक्रमाचा पसारा. परंतु या वेळी यादीखाली तू जी ओळ लिहिली आहेस, तिच्यामुळे खडू हातात घेण्याआधी पत्र लिहायला बसलो. जगात एका वर्षात एवढे सारे घडते आणि आपल्याला मात्र चार महिन्यांत एक आलेख धड काढता येत नाही, असे तू म्हणतेस. आलेखाचे पुढे पाहू. आधी ‘एका वर्षात’ या शब्दांविषयी बोलायचे आहे, कारण तुझ्या यादीतील एकही गोष्ट एका वर्षात घडलेली नाही.

तिसऱ्या क्रमांकावर तू गुरुत्वीय लहरींची पार्श्वभूमी लिहिली आहेस आणि पुढे ‘जून’ असा महिना घातला आहेस. तू सातवीत असताना विज्ञान दिनाला आपण माळशेज घाटातून नारायणगावला आणि तेथून खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण पाहायला गेलो होतो. मोबाइल बंद ठेवायला लावले म्हणून तुझी आई वैतागली होती आणि तू त्या 45 मीटर व्यासाच्या ताटलीकडे पाहून, ‘बाबा, ही तर नुसती जाळी आहे,’ असे काहीसे हिरमुसून म्हणाली होतीस. ती जाळी हीच तिची खुबी आहे: वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि स्वस्त होतो, पण मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींना तीच जाळी सलग आरशासारखी भासते. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या अशा 30 ताटल्यांपैकी काहींनी या जूनमधल्या बातमीला हातभार लावला आहे.

काम असे होते. स्पंदक तारे रेडिओ लहरींच्या ठोक्यांनी अतिशय नियमित टिकटिक करतात. त्यांतले काही तर सेकंदाला शेकडो वेळा. दूरवरच्या आकाशगंगांमधील महाकाय कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरत अवकाश हलकेच ताणत-आकसत असतील, तर त्या टिकटिकीत सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्श्याहूनही लहान फरक पडले पाहिजेत, आणि तेही काही वर्षांच्या संथ लयीत. जी लयच वर्षांची आहे, ती महिन्याभरात कशी पकडणार? युरोपातील गटाकडे 25 स्पंदकांच्या 25 वर्षांच्या नोंदी होत्या, अमेरिकी गटाकडे 15 वर्षांच्या. भारतीय गटाने आपल्या साडेतीन वर्षांच्या नोंदी युरोपीय गटाच्या नोंदींना जोडल्या. त्या थोड्या दिसल्या तरी मोलाच्या होत्या; कारण ताऱ्यांमधल्या पोकळीतील इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींना उशीर करतात, वारंवारता जितकी कमी तितका उशीर जास्त, आणि खोडदची दुर्बीण नेमकी कमी वारंवारतेला तीक्ष्ण कानाची. उशीर किती झाला हे तिने सांगितले, म्हणजे तो हिशेबातून वजा करता आला. आम्हा इन्स्ट्रुमेंटवाल्यांच्या भाषेत याला दुरुस्ती म्हणतात. बातमीत दुरुस्तीला जागा नसते, पण मोजमाप तिच्यावरच उभे असते. आणि इतके करूनही या गटांनी ‘पुरावा’ हा जपून निवडलेला शब्द वापरला. तू मात्र सरळ ‘शोध’ लिहिले आहेस; फळ्यावर मी ते बदलणार आहे.

चांद्रयान-3 तू पहिल्या क्रमांकावर ठेवलेस, त्याबद्दल तक्रार नाही. 23 ऑगस्टला सहा वाजून चार मिनिटांनी सोसायटीच्या हॉलमध्ये जो कल्ला झाला तो तू फोनवर ऐकलाच आहेस. माझे मन मात्र चार दिवसांनी आलेल्या एका साध्या आलेखात गुंतले. चंद्रावर उतरलेल्या विक्रम या अवतरकाच्या बाजूला एक सळई होती, तिच्यात तापमान मोजणारे 10 संवेदक होते आणि ती 10 सेंटिमीटरपर्यंत चंद्राच्या मातीत शिरू शकत होती. पृष्ठभागावर तापमान 50 अंशांच्या पुढे आणि 8 सेंटिमीटर खाली उणे 10! तळहाताच्या रुंदीएवढ्या अंतरात भाजणारे ऊन आणि बर्फाहून अधिक गारठा, कारण ती धूळ उष्णतेची अतिशय वाईट वाहक आहे. नळ्यांमध्ये तापमापी खोचण्यात माझी 28 वर्षे गेली, म्हणून सांगतो, खोचणे हाच यातला अवघड भाग. मंगळावर उतरलेल्या इनसाइट यानाचा खोदक 5 मीटर खोल जाणार होता. जवळजवळ दोन वर्षे प्रयत्न करूनही त्याला मातीत पकड मिळाली नाही आणि शेवटी तो नाद सोडावा लागला.

या यशाच्या मागे 2019 ची ती रात्र आहे. तू अकरावीत होतीस, दोन वाजेपर्यंत जागलीस आणि चांद्रयान-2 चा संपर्क तुटल्यावर न बोलता झोपायला गेलीस. त्यानंतर इस्रोने काय केले, ते फळ्यावर लिहिण्यासारखे आहे. काय यशस्वी होईल याऐवजी काय काय बिघडू शकेल, याचा विचार करून आराखडा बांधला. उतरण्यासाठी 500 मीटरच्या चौकोनाऐवजी 4 किलोमीटर लांब आणि 2.4 किलोमीटर रुंद पट्टा धरला, पाय मजबूत केले, इंधन वाढवले, आणि पाचातले एक इंजिन चक्क काढून टाकले. चार वर्षे या कामात गेली. तुझ्या यादीत त्यांचा उल्लेख ‘ऑगस्ट’ असा आहे.

आता तुझ्या यादीत नसलेली एक गोष्ट. 22 जुलैला कोरियातील काही संशोधकांनी जाहीर केले, की शिसे, तांबे, फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्यापासून बनवलेला एलके-99 नावाचा करडा-काळा पदार्थ नेहमीच्या तापमानालाच अतिवाहक होतो, म्हणजे विजेला मुळीच रोध करत नाही. चुंबकावर एका कडेने उचलल्यासारखा दिसणारा तो खडा जगभर फिरला, आणि आपल्या सोसायटीच्या गटावर तर विजेचे बिल कायमचे बंद होणार असा संदेशही आला. कृती सोपी होती. भट्टी असलेल्या कुणालाही करून पाहता येण्यासारखी. त्यामुळे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपासून जगातल्या अनेक प्रयोगशाळांनी ती करून पाहिली आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत निकाल लागला: अतिवाहकता नाही. 104 अंशांच्या सुमारास रोध एकदम कोसळत होता हे खरे, पण ते नमुन्यात भेसळ म्हणून राहिलेल्या कॉपर सल्फाइडमुळे. त्या तापमानाला त्याची स्फटिकरचना बदलते. शुद्ध स्फटिक बनवले, तेव्हा तो पदार्थ चक्क विद्युतरोधक निघाला. अवघ्या तीन-चार आठवड्यांत इतक्या लोकांनी एकच प्रश्न धसाला लावला, हे मला या वर्षातले एक उत्तम काम वाटते.

असे वाटण्यामागे माझी जुनी जखम आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत मी नवा होतो. एका भट्टीचे तापमान अचानक 40 अंशांनी कमी दिसू लागले. आदल्याच दिवशी आम्ही बर्नरची मांडणी बदलली होती, म्हणून मी तो आमचा पराक्रम मानला, रजिस्टरमध्ये ठळक अक्षरांत लिहिला आणि साहेबांनी सगळ्यांना वडापाव खिलवला. तिसऱ्या दिवशी संशय आला म्हणून थर्मोकपल, म्हणजे दोन तारांची तापमापी, बाहेर काढले, तर मधल्याच जागी चिनीमातीचे आवरण तडकून दोन्ही तारा एकमेकींना टेकलेल्या होत्या. तारा जेथे टेकतात तेथले तापमान मीटर दाखवतो. मीटर खोटे बोलत नव्हता. तो दुसऱ्याच जागेचे खरे सांगत होता. रजिस्टरमधल्या त्या नोंदीवर लाल शाईने आडवी रेघ मारून मला खाली सही करावी लागली. कोरियातील त्या मंडळींच्या मीटरनेही खरेच सांगितले होते, फक्त कॉपर सल्फाइडचे.

तुझ्या पातळ थरांच्या आलेखातला तो तुटकपणा मला म्हणूनच पदार्थाचा वाटत नाही. तारा चिकटवणारे सिल्व्हर पेस्टचे चारही ठिपके भिंगाखाली पाहा. एखादा सुकून सुटला असेल. प्रत्येक तापमानाला विद्युतप्रवाह उलटा करून दुसरे वाचन घे आणि दोन्हींची सरासरी काढ, म्हणजे तारांच्या जोडांवर उष्णतेने निर्माण होणारा विद्युतदाब वजा होऊन जाईल. हे तुझ्या सरांनी सांगितले असेलच. नसेल तर बापाचे ऐक.

2 ऑक्टोबरचा सोमवार तुझ्या यादीत दोनदा येतो, आणि ते तुझ्या लक्षात आलेले दिसत नाही. त्या दिवशी कॅटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना नोबेल जाहीर झाले आणि त्याच दिवशी जागतिक आरोग्य संघटनेने आर-21 या हिवतापाच्या लशीची शिफारस केली. ऑक्सफर्डची ही लस तयार होते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. हिवताप वर्षाला सहा लाखांहून अधिक जीव घेतो, त्यांत बहुतेक आफ्रिकेतील पाच वर्षांखालील मुले. कारिकोबाईंची कथा तुला ठाऊक आहे, तरी एक तपशील सांगतो. संशोधनाला अनुदान मिळेना म्हणून 1995 मध्ये विद्यापीठाने त्यांचे पद खाली आणले. बाहेरून आणलेला आरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याचा निरोप देणारा रेणू, शरीरात घातला की दाह उसळतो, ही त्यांची अडचण. त्यातील एक घटक किंचित बदलला तर दाह होत नाही, हे त्यांचे उत्तर. ते 2005 मध्ये छापून आले. पंधरा वर्षांनी करोनाची साथ आली, तेव्हा लशीसाठी उत्तर तयार होते.

खारघरची गोष्ट तू शेवटून दुसरी टाकलीस, यावर मात्र मी रुसलो आहे. टाटा स्मारक केंद्राच्या तिथल्या केंद्रात मी दोनदा प्लेटलेट देऊन आलो आहे. खुर्चीत बसल्यावर खिडकीतून डोंगर दिसतो. तेथेच जून 2021 मध्ये, करोनाची दुसरी लाट ओसरत असताना, भारतातील पहिला कार-टी उपचार झाला. रुग्णाच्याच रक्तातील टी पेशी काढायच्या, निकामी केलेल्या विषाणूकरवी त्यांत कर्करोगी बी पेशी ओळखणारे जनुक घालायचे, त्या वाढवायच्या आणि पुन्हा त्याच रुग्णाच्या शिरेतून सोडायच्या. पवईच्या आयआयटीत ही पद्धत विकसित झाली आणि या ऑक्टोबरमध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. परदेशी उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्श्यात तो येथे होणार आहे. दहावा हिस्सादेखील आपल्यासारख्या घराला परवडणारा नाही, हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

तुझ्या यादीत पाचव्या क्रमांकावर असलेला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरचा जनुक-संपादनाचा उपचार पाहा. ब्रिटनने 16 नोव्हेंबरला आणि अमेरिकेने 8 डिसेंबरला त्याला मान्यता दिली. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रावर आधारलेले जगातले हे पहिलेच औषध. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे सुमारे 18 कोटी रुपये. हा आजार आपल्याकडे नंदुरबार आणि गडचिरोलीच्या पाड्यांवर आहे. औषध सापडले, हे मी फळ्यावर लिहीन. पुढे किंमतही लिहीन.

बेन्नू लघुग्रहाचे नमुने 24 सप्टेंबरला युटाच्या वाळवंटात उतरले, एवढेच तू लिहिले आहेस. यान 2016 मध्ये निघाले होते, 2020 मध्ये त्याने मूठ मारली. झाकणाच्या बाहेर सांडलेले आणि फटीतून आतले थोडे काढता आलेले मिळून 70.3 ग्रॅम हाती आले आहेत, छटाकभराहून थोडे अधिक. पण झाकण अद्याप उघडलेले नाही, कारण 35 खिट्ट्यांपैकी दोन अडकल्या आहेत आणि नायट्रोजनच्या बंद पेटीत चालेल असे हत्यार नव्याने घडवावे लागते आहे. इतक्या दुरून धोंड्याची माती आणली आणि घरी आल्यावर डबा उघडेना! तुझ्या आईला हे सांगितले, तर तिने लोणच्याच्या बरणीची आठवण काढली.

सूर्याचे निरीक्षण करणारे आपले आदित्य-एल1 यान पुढच्या शनिवारी, 6 जानेवारीला, 15 लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोहोचायचे आहे, म्हणून फळ्याची खालची पट्टी मोकळी सोडतो. त्या दिवशी तू घरी असशीलच; पट्टीवर काय लिहायचे ते तूच लिही. येताना आलेख नको आणूस, वाचनांची कच्ची वही आण, खोडलेल्या पानांसकट.

तुझ्या आईचा आशीर्वाद.

तुझे,
बाबा