बोरन्हाणाआधी वाच

सातारा

प्रिय मंजू,

फोनवर तू चिनूचं विचारलंस आणि मी "आता बरा आहे" म्हणून विषय बदलला. बोलताना रडू फुटतं गं, म्हणून लिहितेय.

कार्तिकी एकादशीला मी खिचडीसाठी दाणे भाजले होते. चिनूने ताटलीतले दोन-चार तोंडात टाकले आणि हसत पळाला. जोराचा ठसका लागला, चेहरा लालभडक. सासूबाईंनी "वर बघ, वर बघ" करत पाठ थोपटली. मिनिटभरात तो खेळायला लागला. आम्ही विसरलो.

मग तीन आठवडे खोकला. औषध चालू तोवर बरा, संपलं की पुन्हा तेच. छातीला कान लावला की बारीक शिट्टी ऐकू यायची. दोन डॉक्टर झाले. तिसऱ्यांनी स्टेथोस्कोप उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे ठेवला आणि विचारलं, "खाताना कधी ठसका लागला होता?" मंजू, ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती!

श्वासनळीत अडकलेला दाणा एक्स-रेत दिसतच नाही. दिसलं ते फुगलेलं उजवं फुप्फुस: हवा आत जात होती, बाहेर येत नव्हती. श्वासनळीची उजवी शाखा जास्त रुंद आणि सरळ, म्हणून बरेचदा वस्तू तिकडेच उतरते. भूल देऊन दुर्बिणीने काढला. बाटलीत दाखवला, अर्धाच दाणा, फुगून मऊ झालेला. त्याच्या तेलाने आतून सूज आली होती.

आता तुझ्या परीचं बोरन्हाण. आठ महिन्यांची आहे, हाताला लागेल ते तोंडात घालणार. दाणे, हरभरे, बोरं, हलवा, चुरमुरे यातलं काही तिच्या डोक्यावरून ओतू नकोस. फुलांच्या पाकळ्या घे. आत्याबाई रागावल्या तर माझं नाव सांग.

आणि हे पाठ कर. जोरात खोकत असेल तर खोकू द्यायचं. घशात आंधळेपणाने बोट घालायचं नाही. आवाजच निघेना, तर एकाने १०८ ला फोन करायचा, दुसऱ्याने बाळ हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर खांद्यांच्या मधे तळव्याने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधोमध पाचदा दाबायचं, वस्तू निघेपर्यंत आलटून-पालटून. बेशुद्ध पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. तू आणि भावजी बाहुलीवर करून बघा, खरंच.

मी शनिवारी सकाळीच येते. तू परीला मांडीवर घे, खाली सांडलेलं मी वेचेन.

तुझी,
सुधा