बाई, तुम्ही आमचं वाचनालय आम्हाला दाखवलंत

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

माझं नाव कुठं छापू नका, असं तुम्ही बजावलंय, म्हणून छापत नाही. पण आभार चार लोकांसमोर मानायचे हे आमच्या कार्यकारी मंडळाने ठरवलं आणि कार्यवाह म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या लहानशा गावी तुम्ही कोल्हापुरातून एसटीने चार वेळा आलात. गुडघे दुखत असताना आलात, आणि भाड्याचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

आम्ही तुम्हाला बोलावलं होतं ते देणगीदारांपुढे ठेवायचा अहवाल लिहून घ्यायला. पुस्तकं किती, कपाटं किती, इमारत कधीची, आणि शेवटी निधीची विनंती, एवढीच आमची कल्पना. मी दाखल नोंदवही पुढे ठेवून अभिमानाने सांगितलं, चौदा हजार पुस्तकं आहेत. तुम्ही वही उघडलीच नाहीत. कादंबऱ्यांच्या कपाटातून हाताला येतील तशी वीस पुस्तकं काढून टेबलावर मांडलीत आणि एकेकाची तारीखपट्टी बघत गेलात. अकरा पुस्तकांवरचा शेवटचा शिक्का 2005 च्या आधीचा निघाला. "ह्या अकरा जणांना वीस वर्षांत कुणी घरी नेलं नाही हो," एवढंच म्हणालात. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ हे सूत्र आमच्या भिंतीवर रंगवलेलं आहे. त्याच भिंतीखाली उभा राहून मी त्या पट्ट्या बघत होतो. अनुदानासाठी वाचनालयाला मिळालेला वर्ग टिकवायला पुस्तकसंख्या लागते, म्हणून जीर्ण, पानं सुटलेलं पुस्तकही आम्ही काढत नव्हतो. निर्लेखन, म्हणजे अशी पुस्तकं नोंदीतून कमी करणं, रीतसर ठराव करून करता येतं, हे माहीत असूनही हात धजावत नव्हता.

नंतरच्या दोन संध्याकाळी तुम्ही दारापाशी बाकावर बसून राहिलात. मांडीवर निळी वही, आत येणाऱ्या प्रत्येकामागे एक रेघ. आम्हाला वाटलं, बाई दमल्या असतील. तुम्ही मात्र दूध संस्थेकडून परत येणाऱ्या बायका बघत होतात. सहाच्या सुमाराला रिकामी किटली हातात घेऊन एक मुलगी पायरीपर्यंत आली, आत डोकावली आणि तशीच गेली. दुसऱ्या दिवशीही तेच. तुम्ही उठून तिच्यामागे गेलात. तिने सांगितलं, बारावीपर्यंत वाचनालयात यायची, आता लग्न होऊन ह्याच गावात दिलीय, पण दारातच पेपरच्या टेबलाला सगळी मोठी माणसं बसलेली असतात, त्यांच्यामधून कसं जायचं?

त्या टेबलाचा आम्हाला केवढा अभिमान! सकाळ-संध्याकाळ भरलेलं असतं. ‘पुढारी’चं एक पान एकाकडे, दुसरं दुसऱ्याकडे, पाऊसपाण्यापासून उसाच्या दरापर्यंत सगळी चर्चा तिथंच होते. तुम्ही त्या टेबलाला नावं ठेवली नाहीत. वहीत ‘बळ’ ह्या रकान्यात ते पहिलं लिहिलंत आणि ‘अडचण’ ह्या रकान्यातही पहिलं तेच लिहिलंत. मी ते पान अजून अधूनमधून काढून बघतो.

आता मामांविषयी. आमचे ग्रंथपाल मामा बावीस वर्षं काउंटरला आहेत. कोणाची सासू काय वाचते, पोलीस भरतीच्या पोरांना कुठलं पुस्तक लागतं, कुणी पुस्तक बुडवलंय, सगळं त्यांच्या डोक्यात. तुम्ही त्यांना मुद्दाम विचारलंत, उद्या तुम्ही आजारी पडलात तर? मामा हसले, आम्ही गप्प झालो. मग तुम्ही त्यांचा पगार विचारलात. तो आकडा आमच्या कच्च्या अहवालात नव्हता. लाजेने आम्ही तो गाळला होता, बाई, हे इथं कबूल करतो. तुम्ही तो आकडा पहिल्या पानावर घालायला लावलात.

पैशाचं कोडं तुम्ही कुणावर राग न काढता समजावून सांगितलंत. ग्रंथालयाचा कायदा करण्यात कोल्हापूर संस्थान देशात पुढं होतं, तो कायदा 1945 चा. कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर तर 1850 पासूनचं. राज्याचा कायदा 1967 साली आला, पण त्यात तमिळनाडू, कर्नाटकासारखा ग्रंथालय कर नाही. त्यामुळे गावोगावची वाचनालयं संस्थांनी चालवायची आणि अनुदान, वर्गणी, देणगी ह्यांवर भागवायचं. अनुदान हप्त्याने येतं, तोवर विजेचं बिल आणि मामांचा पगार कुणीतरी खिशातून सांभाळायचा. हे सगळं आम्ही सोसत होतो, पण दुसऱ्याला नीट सांगता येत नव्हतं. आता येतं.

पुराचं तर तुमच्याशिवाय कुणी विचारलंच नव्हतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरजवळ पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट असताना पाणी 55 फुटांवर गेलं आणि आमच्या खालच्या तीन कप्प्यांत गाळ शिरला. तेव्हा आम्ही पुस्तकं गच्चीवर उन्हात टाकली. जाड चकचकीत कागदाची सगळी चिकटून वीट झाली, बाकीची पापडासारखी वाकडी झाली. पानांमध्ये कोरे कागद घालून सावलीत, पंख्याखाली वाळवायची असतात, हे तुम्ही त्यातलंच एक पुस्तक हातात घेऊन सांगितलंत. ह्या जूनपासून खालचे तीन कप्पे रिकामे ठेवतोय. नोंदवह्या आणि जुने बांधीव अंक माळ्यावर गेलेत.

पेपरचं टेबल मागच्या खिडकीशी हलवलं. दोन ज्येष्ठ सभासद आठवडाभर रुसले, पण तिथं उजेड चांगला आहे म्हणून आता तेच आधी येऊन जागा धरतात. दारापाशी मुलांचं आणि मासिकांचं कपाट आलं. वेळ अर्धा तास वाढवली, दूध घालून येणाऱ्यांसाठी. मामा रोज रात्री एका नव्या वहीत त्यांच्या डोक्यातलं थोडं थोडं उतरवतात, आणि त्यांच्याबरोबर बसायला बी. ए. झालेली एक मुलगी येते. तिला मानधन सध्या आम्ही तिघं मिळून देतो. अहवाल तीन ठिकाणी दिलाय, एका ठिकाणाहून बोलावणं आलंय. मामांचा पगार अजून वाढलेला नाही, ते राहिलंच आहे.

किटलीवाली मुलगी मार्चमध्ये सभासद झाली. पहिल्या दिवशी किटली काउंटरवर ठेवून तिने दोन पुस्तकं नेली.

तुमची निळी वही तुम्ही इथंच ठेवून गेलात. मामांनी तिला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं, पाठीवर चिठ्ठी चिकटवली आणि रीतसर दाखल नोंदवहीत नोंद करून क्रमांक घातला. संदर्भाच्या कपाटात वरून दुसऱ्या कप्प्यात आहे.

पुढच्या वेळी याल तेव्हा स्टँडवर घ्यायला मी येईन, चालत येऊ नका.

आपला,
कार्यवाह, आणि वाचनालयातले सगळे