ग्रह नव्हे, लघुग्रह

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पंडित जसराज यांची जयंती किंवा स्मृतिदिन आला की एक वाक्य हमखास वाचायला मिळते : 'नासाने एका ग्रहाला पंडितजींचे नाव दिले.' यंदा आपल्या पुरवणीतही ते होते आणि शेजारी चक्क कडीवाल्या शनीचे चित्र! पंडितजींचे गाणे चाळीस वर्षे ऐकत आलो, तरुणपणी आकाश बघण्याचाही नाद होता; त्यामुळे गप्प बसवेना.

तो ग्रह नाही, लघुग्रह आहे. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात सूर्याभोवती फिरणाऱ्या लाखो खडकांपैकी एक. नुसत्या डोळ्यांना सोडाच, गच्चीवरच्या दुर्बिणीलाही तो दिसायचा नाही. ११ नोव्हेंबर २००६ रोजी तो सापडला, अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या 'कॅटलिना स्काय सर्व्हे' या शोधमोहिमेत. मोहिमेला पैसा नासाचा हे खरे. पण नाव मंजूर करते ती आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती. सप्टेंबर २०१९ मध्ये ते नाव जाहीर झाले, तेव्हा पंडितजी नव्वदीच्या उंबरठ्यावर होते.

खरी गंमत आहे ती क्रमांकात, आणि नेमकी तीच बातम्यांतून गळते. या लघुग्रहाचा क्रमांक ३००१२८. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा, म्हणजे २८-०१-३०. वर्ष, महिना, दिवस असे मागून पुढे वाचा! असे क्रमांक मागणी करून मिळत नाहीत. कक्षा पक्की झाली की ओळीने पडत जातात. म्हणजे जन्मतारखेशी जुळणारा आणि अजून बिननावाचा असलेला दगड कुणीतरी यादीतून हुडकून काढला असणार. त्या रसिकाला माझा नमस्कार.

सापडला तेव्हाचे त्याचे तात्पुरते नाव '२००६ व्हीपी३२'. यातला 'व्ही' म्हणजे नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. पुढे त्या पंधरवड्यातल्या नोंदी मोजायला इंग्रजी वर्णमालेतून 'आय' वगळून पंचवीस अक्षरांचे एक आवर्तन धरतात. अशी ३२ आवर्तने पुरी झाली आणि पुढल्यात पंधराव्या मात्रेला, 'पी'ला, हा दगड आला : त्या पंधरवड्यातली ८१५ वी नोंद. लहानपणी तबल्यावर साथ करणाऱ्या आणि १४-१५ व्या वर्षी तबला सोडून गाण्याकडे वळलेल्या पंडितजींना हा हिशेब समजावून सांगायला मजा आली असती.

आणखी एक. इंटरनेटवर पैसे भरून ताऱ्याला आपल्या लाडक्याचे नाव देण्याची जी प्रमाणपत्रे विकतात, त्यांचा याच्याशी काडीचा संबंध नाही. त्या नावांना खगोलशास्त्रात कुणी विचारत नाही. लघुग्रहाचे नाव विकत मिळत नाही. ते जास्तीत जास्त सोळा अक्षरांचे आणि शक्यतो एका शब्दाचे असावे लागते. राजकारण वा युद्धामुळे गाजलेल्या माणसाला तर मृत्यूनंतर शंभर वर्षे थांबावे लागते. कलावंतांना ती अट नाही, हे मला फार आवडते. संगीतकार बेथोव्हेन (लघुग्रह क्रमांक १८१५) आणि ऑपेरागायक पाव्हारोत्ती (क्रमांक ५२०३) यांच्या रांगेत मेवाती घराण्याचा गवई जाऊन बसला तो या वाटेने. ते नाव 'ग्रह' म्हटल्याने मोठे होत नाही.

तेव्हा १७ ऑगस्टला, स्मृतिदिनी, पुन्हा मजकूर छापाल तेव्हा 'लघुग्रह ३००१२८ पंडितजसराज' असे छापावे. नाव जोडूनच, संघाच्या नोंदीत ते तसेच आहे. चित्र हवेच असेल तर स्वरमंडल घेऊन बसलेल्या पंडितजींचे घ्या. शनीला सुट्टी द्या.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा