शटर सोडवून देणाऱ्या काकांचे आभार

मंगळवारी रात्री ९ वाजता रविवार पेठेतल्या आमच्या दुकानाचं शटर निम्म्यावर अडकलं. वरच्या पाइपावरची एक स्प्रिंग तुटली होती. मी स्टुलावर चढून दुसरी सोडवायला निघालो. आगाऊपणाच म्हणायचा! तेवढ्यात रस्त्यावरून एक काका ओरडले, "अहो, हात काढा! पीळ आहे तिच्यात, मनगट मोडेल."

त्यांनी आधी शटरखाली ठोकळे लावले. मला पाना धरायला सांगून अर्धा-अर्धा फेरा पीळ उतरवला. दर फेऱ्याला खडूची रेघ, म्हणजे नवी स्प्रिंग तेवढीच भरता येते. माझा हात थरथरताना पाहून स्वतःचे हातमोजे मला चढवले. पैसे घेतले नाहीत, अमृततुल्यातला अर्धा चहा तेवढा घेतला. नाव विचारायचं राहिलंच. काका, मोजे गल्ल्याशेजारी ठेवलेत, न्यायला या.