व्हीलचेअर मागितली आहे, रागावू नका

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की बाबा फोन आईकडे देतात आणि आई म्हणते, "तूच बोल त्यांच्याशी." म्हणून लिहायला बसले. दादा मोठ्या अक्षरांत छापून आणून देईल, चष्मा शोधायला नको.

तिकिटं काढली आहेत. मुंबई ते अबुधाबी, तिथून शिकागो. भुसावळचं ऊन डोक्यावर यायच्या आत निघायचं. आधी विचारलं असतं तर बाबा "बघू" म्हणाले असते, आणि नुसत्या "बघू"वर आपल्या घरी गॅसची शेगडीसुद्धा बदललेली नाही. दुसरं म्हणजे, दोघांसाठीही व्हीलचेअर मागितली आहे. इथे बाबा कागद खाली ठेवतील. आई, तो उचल आणि पुढचं तू मोठ्यानं वाच.

बाबा, मागच्या वेळी परत जाताना विमानतळावर काय झालं ते तुम्ही मला सांगितलंच नाहीत. आईनं सांगितलं, तेही कितीतरी दिवसांनी, भाजी निवडता निवडता. यंत्रात गुडघे वाजले, तुम्हाला बाजूला उभं केलं, हात वर करायला लावले. पट्टा ट्रेमध्ये गेलेला, म्हणून तुम्ही एका हातानं पँट सावरायला गेलात तर तो पोरगा खेकसला. आईला पुढे पिटाळलं होतं, ती दोघांच्या पिशव्या आणि तुमचे बूट छातीशी धरून पलीकडे उभी. विमानात तुम्ही जेवला नाहीत. घरी पोचल्यावर पासपोर्ट कपाटात टाकलात आणि किल्ली आईकडे न देता स्वतःकडे ठेवलीत, एवढ्यावरून मी काय ते समजले.

74 च्या रेल्वे संपाची गोष्ट आम्ही दोघं तुमच्या मांडीवर बसून ऐकलेली आहे. 8 मेला संप सुरू झाला, 27 ला मागे घेतला, आणि मधल्या दिवसांत पोलिसांनी घर उपसून काढलं, पिठाच्या डब्यातसुद्धा हात घातला. ती झडती तुम्ही रंगवून सांगायचात. तेव्हा कशासाठी चाललंय ते तुम्हाला ठाऊक होतं. या वेळी कोणी काही सांगितलंच नाही, नुसतं उभं केलं. ते लागलं तुम्हाला. मलाही लागलं. पण तुमचे ते संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस पुढे संरक्षणमंत्री होते तरी वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर त्यांची झडती झाली. 2002 मध्ये सरकारी दौऱ्यावर असताना आणि 2003 मध्ये ब्राझीलला जाताना पुन्हा. कलामसाहेब 2011 मध्ये न्यूयॉर्कहून निघताना विमानात जाऊन बसले होते, तिथून त्यांचं जाकीट आणि बूट तपासायला नेले. म्हणजे ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. तुमच्यावर कोणी खास डूख धरलेला नव्हता, एवढंच म्हणते. तुमच्या दोन्ही गुडघ्यांत धातू आहे, तो धातूच्या यंत्रात दर वेळी वाजणार. डॉक्टरांचं कार्ड दाखवलं तरी तपासणी सुटत नाही, फक्त समोरच्याला आधी कळतं की हा आवाज कशाचा. कार्ड दादाकडे आहे, ते पासपोर्टच्याच पाकिटात ठेवा.

आता खुर्चीचं. पाय धड असताना खुर्चीत बसणं तुम्हाला खोटेपणा वाटतो, माहीत आहे मला. नागपूरच्या लग्नात काय झालं होतं तेही आठवतं. पण खुर्ची पायांसाठी मागितलेलीच नाही. खुर्ची ढकलणारा माणूस रांग, दार, लिफ्ट सगळं जाणतो. खुर्चीत बसलेल्या माणसाला उभं राहता येत नसेल, तर बसल्या जागीच हातानं तपासतात. म्हणजे पँट धरायचा प्रश्न मिटला. आणि दोघांच्याही खुर्च्या असल्या की आईला एकटीला पुढे कोणी पाठवत नाही. मला एवढंच हवंय. तुम्ही दोघं एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही.

लहानपणी आपण पासवर कुठे निघालो की इटारसीला तुम्ही पाणी भरायला उतरायचात, नळाशी ही गर्दी, आणि गाडीनं धक्का दिला की मी खिडकीच्या गजांना धरून भोकाड पसरायचे. आई म्हणायची, "गार्ड त्यांच्या ओळखीचा आहे, सोडून नाही जायचा." तुम्ही दुसऱ्याच डब्यात चढून आतून चालत यायचात, तोंडावर हसू. माझं ते भोकाड अजून पोटात आहे बाबा. तुमचं विमान उडालं की मी फोनवर त्याचा ठिपका बघत बसते आणि जावई मला हसतात.

अबुधाबीच का, हेही सांगते. दिल्लीहून थेट विमान सोपं होतं, मान्य. पण अमेरिकेत उतरल्यावरची जी लांब रांग असते, पासपोर्ट, बोटांचे ठसे, साहेबाचे प्रश्न, ती सगळी अबुधाबीलाच उरकते. 2014 पासून अमेरिकेचे अधिकारी तिथेच बसतात. सामानाची तपासणीही तिथे अमेरिकेच्या नियमानं परत होते. एवढं झालं की शिकागोला तुम्ही देशातल्या देशात आल्यासारखे उतरता, बॅगा घेतल्या की बाहेर मी. सोळा तास अवघडून बसल्यावर प्रश्नांना तोंड देण्यापेक्षा मधे पाय मोकळे करून, चहा पिऊन दिलेलं बरं. दोन विमानांत वेळही ऐसपैस ठेवली आहे, धावपळ नाही. प्रश्न विचारले तर जे खरं आहे तेच थोडक्यात सांगा: लेकीकडे भेटायला चाललो, परतीचं तिकीट हे बघा. आई, तू सवयीनं "तिला जरा हातभार लावायला" असं म्हणशील. ते काम समजतात गं, आणि तू काही कामाला येत नाहीयेस. झारा तुझ्या हातात द्यायचा नाही असं आम्ही ठरवलंय.

बाबा, तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, तेव्हा गप्प राहू नका. रांगेत शिरतानाच सांगायचं: "बोथ नीज मेटल." हातानं तपासणार असतील आणि लोकांसमोर नको असेल तर "प्रायव्हेट स्क्रीनिंग, प्लीज" म्हणायचं, अमेरिकेच्या तपासणीत तो तुमचा हक्क आहे, उपकार नाही. आईला बाईच तपासेल. आपल्याकडे पडद्याआड नेतात, तिथे आपणहून पडदा नसतो, मागावा लागतो. तुम्ही पंच्याहत्तरी ओलांडलीत म्हणून अमेरिकेत बूट तसेही काढावे लागले नसते, आणि जुलै 2025 पासून तर तिथे सगळ्यांचीच ती सक्ती गेली. पण मुंबईत किंवा अबुधाबीत कोणी काढा म्हटलं तर वाद न घालता काढायचे, म्हणून बिनलेसचे घाला. पट्टा घालायचाच नाही. शिंप्याकडून कमरेला इलॅस्टिक लावून घ्या, वरून सदरा आला की कोण बघतंय.

आणि आजोबांचा अडकित्ता घरी. कितीही जीव असला तरी घरी. हातातल्या पिशवीत सापडला तर काढून घेतील आणि तो काही परत मिळायचा नाही.

आता आई, तुझी पाळी. माझे आई, खसखस आणू नकोस. संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. नुसतं विमान बदलायला उतरलेल्या माणसालाही तोच कायदा. मोठ्या बॅगेत, तळाशी, साडीच्या घडीत, कुठेही नाही. अनारशाला लावलेली नाही, करंजीच्या सारणातली नाही, मसाल्यात कुटलेली नाही. "चिमूटभरच आहे" हे तुझं वाक्य मला इथे ऐकू येतंय. त्या चिमटीपायी लोक तिथे तुरुंगात गेले आहेत. या वर्षी अनारसे, करंज्या, डिंकाचे लाडू काहीच नको. डिंकाच्या लाडवात तर खोबरंही असतं, आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांना विमानात बंदी आहे. तेलकट असल्यामुळे आपोआप पेट घेऊ शकतात म्हणून. मामींची बॅग मुंबईला का उघडली होती ते आठव. इथे डेव्हन अव्हेन्यूवर खसखस, खोबरं, गोडा मसाला, ज्वारीचं पीठ, सगळं मिळतं. चव तुझ्या हातची नसते, पण तुझे हात तर येतायत ना.

हिरमुसू नकोस. बिबड्या आण, भरपूर. केळ्याचे वेफर्स आण. मेतकूट, तिखट, हिंग मोठ्या बॅगेत घाल, हातातल्या पिशवीत नाही. तिखटाला तिथे मनाई आहे, आणि अमेरिकेच्या विमानात साडेतीनशे ग्रॅमच्या वर कुठलीही पूड हातात असली की उघडून बघत बसतात. लोणच्याला तेल सुटतं म्हणून ते पातळ पदार्थांत मोजतात, शंभर मिलिलिटरच्या नियमात. तेही खाली, दोन पिशव्यांत बांधून. कढीपत्ता वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचा नाही, अमेरिकेत तो आत आणू देत नाहीत. खाण्याचं काही आहे का असं विचारलं तर "हो" म्हणायचं आणि दाखवायचं. लपवलं की दंड. कापूर आणि काडेपेटी कुठल्याच बॅगेत नको. देवापुढे मी इथे समई लावते, कापूरही आहे.

तुझं इन्सुलिन मात्र हातातल्याच पिशवीत, चिठ्ठीसकट. खालच्या बॅगेत ते गारठून गोठू शकतं, मग त्याचा उपयोग नाही. पेन आणि सुया दाखवून सांग, "डायबेटिस." त्याला शंभर मिलिलिटरचा नियम लागत नाही. बाबांची दुखण्यावरची ती जोराची गोळी, जिच्यात ट्रामाडॉल आहे, ती अमिरातीत आधी परवानगी घेतल्याशिवाय चालत नाही. डॉक्टरांकडून निघायच्या आधी बदलून घ्या. खोकल्याचं कोडीनवालं औषधही तसंच, ते राहू दे. बाकीच्या गोळ्या मूळ पाकिटात ठेव, तुझ्या त्या वारांच्या डबीत नाही. डबी रिकामी आण, इथे भरू.

पाटल्या निघत नाहीत म्हणून घाबरू नकोस, ओढाताण करू नकोस. मंगळसूत्रही काढायचं नाही. ट्रेमध्ये दागिना ठेवायचाच नाही; काकूंच्या अंगठीचं प्रकरण एकदा झालं ते पुरे. काही वाजलं तर हातानं बघतील, बघू देत. पर्स यंत्रात आत शिरेपर्यंत तिच्यापाशी उभी राहा, ती गेली की मग तू जा.

शेजारच्या काकू त्यांच्या लेकीसाठी खोका देणार. आई, तू नाही म्हणू शकत नाहीस, मला ठाऊक आहे. माझं नाव सांग. सांग की पोरगी फार तुसडी झालीय, अमेरिकेत जाऊन माणुसकी विसरली. बॅग तुम्ही स्वतः भरली का, कोणी काही दिलं का, असं विचारतात, आणि बंद खोक्याबद्दल खरं उत्तर देता येत नाही.

मी स्वतः न्यायला यायची होते. जावयांनाही तेच म्हणत होते शेवटपर्यंत. पण मी तिकडे आले की परत शिरायला व्हिसाचा शिक्का नव्यानं लागतो, त्याची तारीख मिळत नाहीये, आणि तिकडेच अडकले तर नोकरी आणि छोटीची शाळा दोन्ही लोंबकळणार. दादा मुंबईला दारापर्यंत येईल, आत त्याला सोडत नाहीत. हे मला टोचतं आहे. तुम्ही "अगं कशाला येतेस, आम्ही काय कुक्कुली बाळं आहोत" म्हणालात, त्यामुळे जास्तच टोचतं. म्हणून ही सगळी सूचनांची लांबड.

इथलं सगळं तयार आहे. खालच्या मजल्यावरची खोली तुमची, जिना चढायचा नाही. पलंग उंच होता, त्याचे पाय कापून घेतले. न्हाणीघरात धरायला दांडा आणि संडासात पाण्याची नळी बसवली. आलं आणि गवती चहा कुंडीत लावलाय. लेमाँटच्या देवळात शनिवारी नेईन, महाराष्ट्र मंडळातल्या काकांना रमी खेळायला चौथा गडी हवाच आहे, आणि बाबा, रेल्वेची मालगाडी आमच्या मागून जाते. इतकी लांब की डबे मोजताना छोटी दर वेळी चुकते. तिला सांगितलंय, आजोबा आले की बरोबर मोजतील.

परतीच्या वेळी शिकागोच्या विमानतळावर अडलेल्या-नडलेल्यांना मदत करणारं खातं आहे, त्यांना निघायच्या तीन दिवस आधी फोन करायचा असतो. तो मी करीन.

येत्या रविवारी सकाळी दोन्ही बॅगा हॉलमध्ये उघड्या ठेवा. दादा व्हिडिओ लावेल. मी एकेक पुडी बघणार आहे. आई, आदल्या दिवशी भरून कुलूप लावून ठेवलंस तर मी पुन्हा उघडायला लावीन, आणि किल्ली कुठे असते ते मला माहीत आहे. बाबा, तुम्ही तेवढी पासपोर्टच्या कपाटाची किल्ली दादाला द्या.

तुमची,
ताई

ता. क. काळ्या पट्ट्याचं घड्याळ आणि किल्ल्यांचा जुडगा प्रवासात नको. मोबाइलचा तो जाडा पॉवर बँक मात्र हातातल्या पिशवीतच, खालच्या बॅगेत ठेवला तर बॅग अडवतात.