एक्स-रेवर हृदयाची कड शोधायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

रेडिओलॉजी विभागातून आपली बदली झाली त्या दिवशीच्या गर्दीत चार शब्द बोलता आले नाहीत, म्हणून हे उघड पत्र लिहीत आहे.

छातीच्या एक्स-रेवरील हृदयाच्या कडा आम्हांला त्याआधीही 'शिकवल्या' गेल्या होत्या. म्हणजे अंधाऱ्या सभागृहात लेझरचा ठिपका भर्रकन फिरला आणि 'यात न कळण्यासारखे काय आहे?' या प्रश्नावर तास संपला. तोंडी परीक्षेत तो तास घेणाऱ्याच गृहस्थांनी उजवी जवनिका (हृदयाचा खालचा उजवा कप्पा) दाखवायला सांगितली, परंतु ती पुढच्या बाजूला, श्वासपटलावर टेकलेली असल्यामुळे पीए फिल्मवर (किरण पाठीमागून सोडून काढलेल्या एक्स-रेवर) उजवी किंवा डावी कड बनवत नाही, हे त्यांनी कधीही सांगितले नव्हते.

आपण व्ह्यू बॉक्सवर फिल्म लावलीत, मार्किंग पेन्सिल माझ्या हाती दिलीत आणि गप्प बसलात. उजवीकडे वर सुपीरियर व्हेना केव्हा (वरची महाशिरा) व खाली उजवी कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा), डावीकडे महाधमनीचा उंचवटा, फुप्फुस धमनी, डाव्या कर्णिकेचे अपेंडेज (तिचा कानासारखा छोटा फुगवटा) आणि शेवटी डावी जवनिका, असे पुटपुटत मी रेघ ओढली. दुसऱ्या फिल्मवर उजवीकडची रेघ मध्येच अडली. बाहेर रिपोर्टांसाठी रांग असतानाही आपण माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली नाहीत; फक्त "का थांबलीस?" एवढेच विचारलेत. माझ्या लेखी सगळे शिक्षण त्या प्रश्नात आले. शेजारी हवेने भरलेले फुप्फुस असते म्हणूनच कड उठून दिसते, आणि उजव्या मधल्या खंडात न्यूमोनिया झाला की ती पुसली जाते. डावीकडे हेच लिंग्युलामुळे (डाव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडाच्या जिभेसारख्या भागामुळे) घडते, तर खालच्या खंडातला आजार हृदयाची कड शाबूत ठेवून श्वासपटलाची रेघ घालवतो. कड अशी पुसली जाण्याच्या खुणेला रेडिओलॉजिस्ट फेल्सन यांनी १९५० मध्ये रूढ केलेले 'सिल्हाउट साइन' हे नाव मला सनासकट पाठ होते, पण त्याचा अर्थ त्या दुपारी कळला.

आपला हा सज्जनपणा विद्यार्थ्यांपुरता नव्हता. पोर्टेबल मशीनवर झोपवून काढलेली एपी फिल्म पाहून कोणीतरी एका आजींच्या मुलाला 'हृदय वाढले आहे' असे सांगून मोकळे झाले होते. आपण स्वतः बाहेर येऊन, किरण समोरून आल्याने हृदयाची सावली मोठी पडते आणि हृदय छातीच्या निम्म्या रुंदीहून मोठे दिसू नये हा नियम अशा फिल्मला लावत नाहीत, हे त्यांना पटेपर्यंत समजावलेत. त्यांना बसायला खुर्चीही आपणच आणून दिलीत.

आपली कृतज्ञ,
एक इंटर्न