शिसपेन्सिलीने लिहिलेला हिशेब

कोथरूड, पुणे

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

‘आई, मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन दोन महिनेही झाले नाहीत, तरी तू पहाटे उठून लिहायला का बसतेस आणि एवढे लिहिलेले वाचणार कोण?’ असे परवा तू फोनवर काळजीने विचारलेस. तेव्हा मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र.

तुझ्या आजोबांना रोजनिशी लिहिण्याची सवय होती, हे तू ऐकले आहेस. पण त्यांची एकही वही तू पाहिलेली नाहीस. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे धरणही टिकले नाही, आणि शनिवार पेठेतील आमच्या वाड्याच्या तळमजल्यावरच्या दोन्ही खोल्या मुठेच्या पाण्यात बुडाल्या. मी तेव्हा दोन वर्षांची होते. पाणी ओसरल्यावर वह्यांची ट्रंक चिखलातून काढली, तेव्हा आजोबांनी दौतीच्या शाईने लिहिलेल्या पानांवर नुसते निळे डाग उरले होते, एक अक्षर लागत नव्हते. त्याच ट्रंकेत तुझ्या आजीची हिशेबाची वहीही होती. ती शिसपेन्सिलीने लिहिलेली होती, आणि पेन्सिलीतले ग्राफाइट पाण्यात विरघळत नसल्यामुळे ती वही फुगली, मातकट झाली, तरी वाचता येत राहिली. ‘दूध अर्धा शेर. धोबी – चादरी २, धोतरे ४. कंदिलाची काच.’ आमच्या घरात त्या वर्षाचे एवढेच लेखी उरले आहे.

आजोबांनी त्यानंतर रोजनिशी लिहिली नाही. मी मोठी झाल्यावर आजीला त्या दिवसाबद्दल पुष्कळदा विचारले. कधी ती सांगे की मला कडेवर घेऊन आणि देव पदरात बांधून ती स्वतः माडीवर गेली. कधी सांगे की शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकांनी मला उचलून वर नेले. ती खोटे बोलत नव्हती. तीस वर्षांत तिच्या आठवणीतले दोन प्रसंग एकमेकांत मिसळून गेले होते. आजोबांनी रोजनिशी पुढे चालू ठेवली असती, किंवा त्याच आठवड्यात कोणी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर मला कोणी वाचवले हे आज मला माहीत असते. आजी गेल्यावर ज्या दिवशी हे ध्यानात आले, त्या दिवसापासून मी लिहू लागले.

म्हणून पहिला खर्डा मी अजूनही पेन्सिलीनेच लिहिते. पहाटे पाचला चहा झाला की जेवणाच्या टेबलाशी बसते आणि सात वाजता उठते, मग वाक्य अर्धे राहिले तरी चालते. अर्धे वाक्य दुसऱ्या दिवशी पुरे करायला सोपे जाते, कोऱ्या पानावर सुरुवात करणे फार अवघड, हे मी अनुभवाने शिकले. लिहिलेले दोन दिवस कपाटात ठेवायचे, नंतर मोठ्याने वाचायचे, आणि जिथे जीभ अडेल तिथे वाक्य मोडून पुन्हा बांधायचे. संगणकावर चढवणे अगदी शेवटी.

लिहायला बसल्यावरच मला कळते की एखादी गोष्ट मी नीट पाहिलेलीच नाही. गेल्या हिवाळ्यात मला कल्हईवाल्याबद्दल, म्हणजे पितळी भांड्यांना आतून कथलाचा मुलामा देणाऱ्याबद्दल, लिहायचे होते. लहानपणी वाड्याच्या चौकात शंभर वेळा पाहिलेले काम. पण लेखणी पुढे सरकेना. मग एका कल्हईवाल्याचा पत्ता काढला, पितळी पातेले घेऊन त्याच्याकडे गेले आणि तासभर बसून राहिले. त्याने भाता चालवून पातेले तापवले, नवसागराची पूड टाकताच पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकवताच ती वितळून चमकली, आणि चिमटभर कापसाने ती चमक त्याने आतून अशी फिरवली की पातेले पाहता पाहता रुपेरी झाले. नवसागर हा शब्द मी चाळीस वर्षांत उच्चारला नव्हता. तू तर तो ऐकलेलाही नसशील. कल्हई घरोघरी होत नाही म्हणून मला दुःख नाही, पण तिच्याबरोबर तिचे शब्दही जावेत, हे मला सहन होत नाही.

एक चूकही तुला सांगितली पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत मी आपल्या नात्यातल्या एका बाईंच्या सासुरवासाबद्दल, नाव बदलून का होईना, त्यांना न विचारता लिहिले. त्यांनी ओळखले. त्या भांडल्या नाहीत, पण वर्षभर आपल्या घरी आल्या नाहीत, आणि त्यांचे बरोबर होते. ते दुःख त्यांचे होते, सांगायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे होते. तेव्हापासून ज्याच्याबद्दल लिहिते त्याला आधी वाचून दाखवते, आणि तो नको म्हणाला तर ते पान बाहेर जात नाही. तुझ्या लहानपणाबद्दल लिहिलेली अशी बरीच पाने तुझी वाट पाहत आहेत.

वाचणार कोण, याचे उत्तर एवढेच की कदाचित तू, आणि तेही आज नव्हे. धोब्याचा हिशेब लिहिताना तो पुढे मी वाचेन याची आजीला कल्पनाही नव्हती, आणि मी मात्र तो अजून काढून वाचते.

दिवाळीला येशील तेव्हा चार दिवस जास्त काढून ये. ती वही आता इतकी ठिसूळ झाली आहे की मी टपालाने पाठवणार नाही. पण एका पानाच्या कडेला आजीने पेन्सिलीने दोन शब्द लिहिले आहेत, ते मला भिंग लावूनही लागत नाहीत. तुझे डोळे तरुण आहेत, तुला लागतील.

तुझी,
आई